पाचवी अमावास्या

बहारीनमध्ये माहूजच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तुकारामने आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, वहिनींना कितवा चालू आहे. मी म्हणालो, सातवा. तुकाराम आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर, राजापूरकडचा, बोलण्यात मऊ आणि ब्रेक मारण्यात कडक. हिरवा दिवा लागला तसा गियर टाकता टाकता तो म्हणाला, "परवा सकाळी गिराण आहे, साहेब. वहिनींना म्हणावं सुरी-कात्री हातात धरू नका. पडून रव्हा." मी हसलो. ग्रहणाच्या असल्या गोष्टींवर हसायचं मला इतक्या लहानपणी शिकवलेलं आहे की ते हसू शिंकेसारखं आपोआप येतं. पण ते अर्ध्यातच राहिलं. परवा म्हणजे चोवीस ऑक्टोबर, अमावास्या. आणि जूनच्या मध्यावर पहाटे कृत्तिका परत दिसायला लागल्या तिथून धरलं तर ही अमावास्या कितवी, हे माझ्या डोक्याने मला न विचारताच मोजून टाकलं. पाचवी. तुकाराम दिवाळीच्या मिठाईबद्दल काहीतरी बोलत होता, मी हं हं करत होतो.

हे पाचवीचं प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर मी वेडा वाटेन. सहा वर्षांपूर्वी मी बहारीनला नवा होतो तेव्हा ऑफिसातला एक इंग्रज इंजिनियर नोकरी सोडून मायदेशी गेला आणि त्याच्या पुस्तकांचं खोकं माझ्या टेबलाखाली आलं. त्यात पंपांचे कॅटलॉग होते आणि एक जाडजूड पुस्तक होतं, पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरच्या लाकडी पाट्यांचं. पाट्यांवर माणसं, मासे, पक्षी, चंद्रकोरी अशी नखाएवढी चित्रं दाटीवाटीने कोरलेली. त्या लिपीला रोंगोरोंगो म्हणतात आणि ती आजवर कुणालाही वाचता आलेली नाही, असं पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. ते वाचून मला जो आनंद झाला तो मी कुणाला सांगू शकलो नाही. जगात एक तरी लिखाण असं आहे की ज्यावर कुणाच्या आजोबांचा हक्क नाही. ते आमच्या कानावर पडलं तर पाप लागेल असं म्हणणारा कुणी शिल्लक नाही. विलायतेतले प्रोफेसर आणि नागपुरातल्या इंदोऱ्याचा मी, प्रबुद्ध गजभिये, त्या पाटीपुढे सगळे सारखेच अडाणी. मी ड्राफ्ट्समन, दिवसभर कारखान्यांच्या पाइपांची ड्रॉइंगं काढतो, रेघ हे माझं पोट. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी ती चित्रं ट्रेसिंग पेपरवर उतरवायला लागलो आणि कधी त्यात बुडालो ते कळलं नाही.

एका पाटीवर चंद्रकोरींची रांग आहे, ती महिन्याच्या रात्रींची मोजदाद असावी, एवढं त्या पुस्तकातही होतं. त्या बेटांवरचे लोक पहाटे कृत्तिका दिसल्या की वर्ष धरत, हेही होतं. मी पुढे गेलो. मनामाच्या बाजारात रहिमतुल्ला नावाचा एकजण जहाजांवरचं भंगार विकतो, त्याच्याकडून मी जुने नॉटिकल अल्मनॅक आणले. कुठल्या दिवशी कुठला तारा कुठे, सगळं आकड्यांत. त्याला मराठीत पंचांगच म्हणावं लागेल, हे मी स्वतःला कधी सांगितलं नाही. मआमीरच्या साइटवर पहाटेची ड्यूटी असली की मी कृत्तिका शोधायचो. तिथे कारखान्याच्या ज्वाळेने आभाळ तांबूस असतं, पण ती सहा-सात ठिणग्यांची पुरचुंडी ओळखता येते. असं करत करत दोन वर्षांपूर्वी मी आठव्या ओळीचा अर्थ लावला आणि वहीत पेन्सिलने लिहून ठेवला: कृत्तिका, मग पाच काळे ठिपके म्हणजे पाच अमावास्या, मग कडेचा लचका तोडलेलं एक वर्तुळ म्हणजे खाल्लेला सूर्य, मग मोठ्या पोटाची बसलेली आकृती, आणि शेवटी एक माणूस, ज्याला एक हात कोपरापासून पुढे नाही. लिहिलं तेव्हा मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली होती. ज्योत्स्नाला तेव्हा दिवस नव्हते. ओळ ही ओळच होती.

आता ती ओळ आमच्या घरी येऊन बसली होती. संध्याकाळी घरी आल्यावर मी अल्मनॅक काढला. अठ्ठावीस जून, सत्तावीस जुलै, सव्वीस ऑगस्ट, चोवीस सप्टेंबर, चोवीस ऑक्टोबर. परत मोजलं, आकडे काही बदलले नाहीत. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती की मंगळवारी बहारीनमध्ये सूर्य ग्रासलेलाच उगवेल. स्वयंपाकघरात ज्योत्स्ना पोळ्या लाटत होती आणि लाटण्याबरोबर तिचं पोट ओट्याला लागत होतं, ती जरा मागे सरकायची, परत लाटायची. तीन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात एक मूल गेलं होतं. डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही, म्हणाले असं होतं कधीकधी. कारण नसणं हे फार वाईट असतं. माणूस मग कुठलंही कारण घ्यायला तयार असतो, फुकट मिळालेलं तर लगेच घेतो. मी तिच्या मनगटांकडे बघत उभा राहिलो आणि मला एकदम वाटलं की तिच्या हातातलं लाटणं काढून घ्यावं, तिला निजवावं, खिडक्यांना चादरी लावाव्यात. असं मला वाटलं. केशवराव गजभियांच्या मुलाला.

मी कोण आहे हेही इथे सांगून टाकतो. मी पुरावा आहे. आमचे बाबा नागपूर महापालिकेच्या शाळेत मास्तर, दीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतले, घरातलं पंचांग आणि देवांच्या तसबिरी त्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर काढलेल्या. पासष्ट सालच्या नोव्हेंबरात सूर्यग्रहण लागलं तेव्हा मी आईच्या पोटात होतो. वस्तीतल्या बायका अजूनही ग्रहणात हात बांधून निजत, कापलं तर पोरगं हातापायाने अधू होतं म्हणत. बाबांनी आईला सांगितलं, आज तू मुद्दाम कापायचं, आख्खा भोपळा कापायचा. आपल्याकडे बायकांनी आख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावायची नाही असंही एक शास्त्र आहे, म्हणजे एका फटक्यात दोन शास्त्रं मोडायची. मग ते शाळेत गेले. परतले तेव्हा परातीत भोपळ्याच्या फोडी होत्या. फेब्रुवारीत मी जन्मलो, धडधाकट. त्यानंतर दहा-बारा वर्षं, ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र लोटला की बाबा एका मंडपात मला टेबलावर उभं करत, सदरा काढायला लावत आणि समोरच्या लोकांना म्हणत, मोजा. लोक खरंच मोजायचे. परभणीची, बीडची, कुठली कुठली खरबरीत हाताची माणसं माझी बोटं एकेक करून मोजायची, आणि वीस भरली की टाळ्या व्हायच्या. मला थंडी वाजायची आणि अभिमानही वाटायचा. त्या टाळ्यांवर मी वाढलो. आजही माझ्यात जे काही धैर्य म्हणून आहे ते आईने त्या दिवशी चालवलेल्या सुरीचं आहे.

म्हणूनच बाबांचं पत्र पंधरा दिवसांपूर्वी आलं होतं त्यात नवल नव्हतं. इंदोऱ्याच्या मैदानावर ग्रहण बघायचा कार्यक्रम ठेवला आहे, चहा-फराळ ग्रहणातच, वस्तीतल्या तीन गरोदर मुली स्टेजवर भाजी कापणार आहेत. सूनबाईने तिकडे कापावी, तू फोटो काढून पाठव, आपल्या मासिकाच्या पुढच्या अंकात छापू. पत्र वाचून ज्योत्स्ना हसली होती, म्हणाली होती, बाबांनी नातवालाही जन्माआधीच कामाला लावलं. मीही हसलो होतो. पंधरा दिवसांपूर्वी मला तारीख ही नुसती तारीख वाटत होती.

सोमवारी ऑफिसात माझ्या हातून दोन ड्रॉइंगं चुकली. व्हॉल्व्ह भलत्याच लाइनवर दाखवला. दुपारभर मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो, की ज्योत्स्नाला न कापण्याबद्दल काय सांगायचं. बरं नाही वाटत तुला, असं? फिल्म संपली, असं? खोटं कसं बोलायचं याची इतकी तयारी मी कधी केली नव्हती. आणि खालून एक घाण विचार सारखा वर येत होता, की तिने ऐकलं नाही आणि काही झालं तर मी तिला कधी माफ करू शकणार नाही. तिला. मला स्वतःची लाज वाटली. चार वाजता सुटल्यावर मी आठव्या ओळीची ट्रेसिंग पट्टी घेतली आणि जिदहफ्सला गनीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, की ओळ मोठी करून पुन्हा तपासू, कदाचित काळे ठिपके चार निघतील, सहा निघतील. पाच सोडून काहीही. जिदहफ्सच्या रस्त्यावर त्या वर्षी सरकारविरुद्धच्या दंग्यांमुळे कधी टायर जळालेले दिसायचे, कधी सगळी दुकानं भरदुपारी एकदम बंद. त्या दिवशीही निम्मी शटरं खाली होती. कोपऱ्यावर पोलिसांची जीप उभी होती आणि जळक्या रबराचा वास हवेत नुसता टांगलेला होता. गनीने अर्धं शटर उघडं ठेवलं होतं, मी वाकून आत गेलो.

गनी हैदराबादचा, चष्म्याच्या वरून बघणारा, त्याला माझ्या चित्रांचं कधी काही वाटत नसे. त्याने पट्टी काचेवर ठेवण्याआधी सवयीने तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाला, "साब, इसकी स्याही तो पीछे की तरफ है. उल्टी चिपकाये हो आप." मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती लिपी कोरणारे एक ओळ सरळ कोरत आणि पुढची डोकं खाली पाय वर अशी. वाचणारा ओळ संपली की पाटी गरकन फिरवून उलटी धरायचा आणि वाचत राहायचा. ड्राफ्ट्समनला उलटं काही बघवत नाही, आमच्या धंद्यात उत्तर दिशा वर म्हणजे वरच. म्हणून मी एकेक ओळ वेगळ्या पट्टीवर ट्रेस करून उलट्या ओळी फिरवून सरळ चिकटवल्या होत्या. आठवी पट्टी मी फिरवली नव्हती, पालथी केली होती. ट्रेसिंग पेपरवर दोन्हीकडून सारखंच दिसतं. माणसं पायावर उभी राहिली, पण रांग आहे त्याच क्रमाने राहिली, जिथे ती शेवटाकडून सुरू व्हायला हवी होती. म्हणजे खरी ओळ अशी: आधी हात नसलेला माणूस, मग मोठं पोट, मग खाल्लेलं वर्तुळ, पाच काळे ठिपके त्यानंतर, आणि कृत्तिका सगळ्यात शेवटी. ते पाच कृत्तिकांपासून मोजलेलेच नव्हते. ग्रहण पाचव्या अमावास्येला येतं असं कुणीही कुठेही कोरलेलं नव्हतं. ते मी कोरलं होतं, माहूजमधल्या डायनिंग टेबलावर, डिंकाने.

मी त्या अर्ध्या शटरच्या दुकानात इतका हसलो की गनीने मशीन थांबवलं. दोन वर्षं मी एका पालथ्या पट्टीला भविष्य समजत होतो. ज्याच्या घरात पंचांग नाही त्याने सात समुद्रांपलीकडचं पंचांग शोधून काढलं आणि तेही उलटं लावलं. बाबांना कळलं असतं तर त्यांनी मला पुन्हा टेबलावर उभं केलं असतं, वेगळ्या कारणासाठी. परत येताना जळक्या रबराचा वासही मला बोचला नाही. मी वाटेत उतरलो आणि एक भोपळा विकत घेतला, लालबुंद, फुटबॉलएवढा.

त्या संध्याकाळी मी ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण सुटका झाली की माणूस बडबडतो. पट्टी फिरवून दाखवली, पालथी करून दाखवली, गनीची नक्कल केली. ती हसली नाही. खुर्चीत बसून पाय चोळत होती, ते चोळायचं थांबली.

"अन् चूक सापडली नसती तं?" तिने विचारलं. "तं मला काय सांगणार होते तुम्ही?"

मी म्हणालो, काहीतरी सांगितलं असतं. तिने भोपळा जवळ ओढला. मागचं मूल गेलं तेव्हा माझ्या आईचं एक वाक्य तिला लागलं होतं, की बाई गं, त्या दिवसांत तू शिवण करत होतीस का. ते वाक्य आई का बोलली हे मला तेव्हा समजलं नव्हतं, पुरावा देणाऱ्या बाईच्या तोंडी ते शोभत नव्हतं. मी ते म्हातारपणावर ढकललं होतं. ज्योत्स्ना म्हणाली, "मी उद्या कापीन. बाबांसाठी नाही, फोटोसाठी नाही. तुम्ही पुन्हा कधी माझ्या हाताकडे तसं बघू नये म्हणून." म्हणजे तिला कळलं होतं, काल स्वयंपाकघराच्या दारात मी काय बघत होतो ते. मला बरं वाटायला हवं होतं, तिच्यापुढे मी लहान आहे हे मला मान्यही आहे, पण आत कुठेतरी एक बारीक थंड जागा तशीच राहिली.

मंगळवारी साडेपाचला आम्ही उठलो. खिडकीतून समोरच्या इमारतींच्या टाक्या आणि अँटेना दिसतात, त्यांच्यामागून सूर्य वर आला तो खरोखरच तुटलेला आला. मी साइटवरून वेल्डिंगची काच आणली होती, तिच्यातून बघितला. हिरवट, वरच्या अंगाने चावलेला. रस्त्यावर उजेड होता पण सकाळचा नव्हता, सावल्यांच्या कडा नको तितक्या धारदार झाल्या होत्या आणि एकही पक्षी बोलत नव्हता. खालच्या मजल्यावरचे लोक दार घट्ट लावून होते. ज्योत्स्नाने केस बांधले, ओट्यावर पेपर पसरला, भोपळा मधोमध ठेवला आणि सुरी घेतली. पहिला घाव बसला तो अर्ध्यातच अडकला. तिने दोन्ही हात मुठीवर ठेवून वजन टाकलं, पोट ओट्याला टेकलं आणि भोपळा कडकन फुटला. मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. फ्लॅश पडला तेव्हा ती डोळे मिटून उभी होती. मग ती फोडी करू लागली, एकसारख्या, बोटभर, भराभर. मी बघत राहिलो आणि मनातल्या मनात म्हणत राहिलो की आईनेही असंच केलं होतं, असंच, आणि मी आहे. दुसरं काही मला म्हणताच आलं नसतं. मी तेच धरून उभा होतो.

फोन वाजला तेव्हा परात अर्ध्याहून जास्त भरली होती. मला वाटलं बाबांचा असणार, मैदानावरून घाईघाईने बूथवर आले असतील. आई होती. आई कधी स्वतःहून फोन करत नाही. बूथवाल्याने नंबर लावून दिला असेल. मागे लाउडस्पीकरवर बाबांचा आवाज येत होता, इतका लांबून की शब्द कळत नव्हते, नुसता चढ आणि उतार.

"प्रबुद्धा, ज्योत्स्नाले निजू दे," आई म्हणाली. "ऐक माझं. मी तवा काहीच कापलं नव्हतं. आदल्या दिशी सांजच्यालेच कापून ठेवलं होतं, ओल्या फडक्याखाली. ग्रहण सुटेपर्यंत सरळ निजून होती मी, बोट हलवलं नाही. तुह्या बाबाले अजून माहीत नाही."

तिला वाटलं लाइन तुटली, ती हॅलो हॅलो करत राहिली. दहा-बारा वर्षं ती त्या टाळ्या ऐकत मंडपाच्या मागे बसून होती आणि तीस वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं, हे मला तेव्हा दिसलं. इंदोऱ्याच्या मैदानावर या घडीला तीन पोरी माझ्या नावावर भाजी कापत होत्या, हेही दिसलं. मला आईचा राग यायला हवा होता. आला नाही. मला भीती वाटली, साधी, सरळ, लहान मुलाला वाटते तशी, आणि त्या भीतीला उत्तर द्यायला माझ्याकडे ना पट्टी होती ना बाबा. हे काही सिद्ध करत नाही, मी स्वतःला म्हणालो. तिने कापलं नाही याने काहीच सिद्ध होत नाही, कापलं असतं तरी झालं नसतं, एका पोरावरून काय सिद्ध होतं. हे सगळं खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी हळूच म्हणालो, हो आई, निजवतो. आणि फोन ठेवला.

स्वयंपाकघरात सुरीचा आवाज थांबला होता. सगळा भोपळा संपला होता, बिया एका बाजूला, साली एका बाजूला. बाहेर उजेड परत येत होता. ज्योत्स्नाने हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, आई काय म्हणत होत्या. मी म्हणालो, तुझी चौकशी करत होती. ती स्टुलावर बसली, जरा दमलेली, आणि माझा हात ओढून तिने पोटावर ठेवला.

"उठल्यापासून हललं नाही अजून," ती म्हणाली. "एरवी या वेळेला लाथा मारून राहते. निजलं असेल, नाही?"

निजलं असेल, मी म्हणालो. मी हात तिथेच ठेवला आणि वाट बघू लागलो.